‘हे माझे’ म्हणताना : कलावंत आणि त्याची निर्मिती

(व्याख्यानाची संहिता)



कलावंताला स्वतःच्या निर्मितीविषयी काय वाटते, असा विषय मला देण्यात आला आहे. साहित्यिकाच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे. ‘मला माझी सगळी पुस्तके सारखीच, आईला मुले सारखीच असतात.’ उत्तर सभ्य आहे, पण ते खरे असेलच असे नाही. चार मुलांच्या आईला कोण कसा आहे हे नेमके ठाऊक असते. कोणती कविता आपसूक उतरली आणि कोणती ओढूनताणून पुरी केली हे कवीलाही ठाऊक असते. चारचौघांत तो ते बोलत नाही, एवढेच.

संस्कृत नाटककार या बाबतीत अधिक मोकळे होते. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत कालिदासाचा सूत्रधार म्हणतो, की जाणकारांचे समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगाला चांगले म्हणायला मन धजत नाही. भवभूतीचा सूर अगदी उलटा आहे. आज कुणाला माझे लेखन रुचत नसेल तर नसो. काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातकुळीचा कुणीतरी कधीतरी जन्मेल, असे तो बजावतो. एकाचा जीव समोरच्या सभेत अडकलेला, तर दुसऱ्याचा अजून न जन्मलेल्या वाचकात. दोघांनाही आपल्या कृतीची काळजी आहे आणि दोघांनीही ती लपवलेली नाही.

ग्रंथातली ही चर्चा आपल्याला परिचित आहे. आज मला आपल्याला पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत न्यायचे आहे. कारण तिथे ज्यांची मुलाखत कुणी घेत नाही असे कलावंत आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण एक सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. ती अशी, की लोककलावंताला ‘मी’ नसतो, तो निर्माण करतो आणि सोडून देतो, त्याला नावाची हाव नाही. ऐकायला हे फार गोड वाटते. मला मात्र त्यात आपली थोडी लबाडी दिसते.

आधी गणपतीच्या शाळेत जाऊ. आपल्याकडे मूर्ती घडवण्याच्या जागेला शाळा म्हणतात. चवथीच्या काही आठवडे आधी घराघरांतले पाट तिथे येऊन पडतात. पाटावर खडूने घराचे नाव लिहिलेले असते, कधी तेही नसते, कारण कुठला पाट कुणाचा हे मूर्तिकार पाटाच्या झिजलेल्या कडेवरून ओळखतो. आजोबांच्या काळापासून अमक्या घरचा गणपती तमक्याच शाळेतला, हा संबंध कुळ-कुळकाराच्या संबंधासारखा चालत आलेला असतो. माती मळायची, एका दिवसात फार उंच चढवायची नाही, ओल्या फडक्याने झाकून ठेवायची, सोंडेचा बाक मातीचा ओलावा बघून द्यायचा, आणि रंग सगळे झाले की शेवटी डोळे आखायचे. डोळे आखताना शाळेत कुणी बडबड करीत नाही. तसा नियम कुणी घातलेला नाही, पण हात थांबवून सगळे बघत राहतात.

एवढे करून ही मूर्ती दीड दिवसाने, पाच दिवसांनी, अकरा दिवसांनी पाण्यात जायची. आपण लिहिणारी माणसे. पुस्तकाला वाळवी लागली तरी आपली झोप उडते. म्हणून आपल्याला पहिला प्रश्न हाच सुचतो, की आपली मूर्ती बुडताना तुम्हाला वाईट वाटत नाही का? हा प्रश्न मी वेगवेगळ्या शाळांत विचारला आहे आणि दर वेळी माझ्याकडे थोड्या नवलाने पाहिले गेले. गणपती पोचवायचा असतो, त्यात वाईट काय वाटायचे? विसर्जन हा त्यांच्या दृष्टीने मूर्तीचा नाश नव्हेच, ती तिची पुरी झालेली वाट आहे.

इथेच थांबलो, तर लोककलावंत किती अनासक्त, असा निबंध सहज लिहून होतो. पण आणखी थोडा वेळ बसले तर बोलणे वेगळीकडे वळते. यंदा पाऊस लांबला, माती सुकली नाही, घाईत रंग लावावा लागला, म्हणून अमक्याच्या गणपतीच्या मनगटाला तडा गेला. तो तडा बुजवला, घरच्यांना कळलाही नाही, पण मला चवथभर जेवण गोड लागले नाही. असे सांगणारा माणूस अनासक्त नाही. एखाद्या मूर्तीविषयी ‘ह्या वर्सा बरो उतरलो’ असे तो हळूच म्हणतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते कविता साधलेल्या कवीच्या चेहऱ्यावर दिसते तेच. आणि हा ‘बरो’ त्याचा एकट्याचा निवाडा असतो. गिऱ्हाईक मुकुटाची झळाळी बघते, तो पोटाच्या आणि मांडीच्या मधली सावली बघतो.

मूर्ती बुडते म्हणून त्याला दुःख नाही. साच्यातले हात-पाय आणून जोडलेली मूर्ती आणि हाताने उभी केलेली मूर्ती यांत आता कुणाला फरक कळत नाही, हे त्याचे दुःख आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर गोव्यात बंदी आहे आणि मातीच्या मूर्तीसाठी सरकार हस्तकला महामंडळामार्फत अनुदान देते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण अनुदान मूर्तींच्या संख्येवर मिळते. ‘बरो उतरलो’ याची नोंद कुठल्या अर्जात करायची?

तेव्हा ‘ते माझे नाही’ म्हणणे आणि ‘मला त्याची पर्वा नाही’ म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संतसाहित्याच्या अभ्यासकाला हे नव्याने सांगायला नको. तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेव्हा काय झाले असे परंपरा सांगते? बोल आपले नव्हेत, बोलविणारा वेगळा आहे, असे आयुष्यभर सांगणारा हा कवी नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिला. शब्दांवर मालकी न सांगणाऱ्याचा जीव त्या शब्दांत असा गुंतलेला होता. गणपती बुडतो तेव्हा मूर्तिकार शांत असतो, कारण तो बुडण्यासाठीच घडवलेला असतो. वह्या बुडण्यासाठी लिहिल्या नव्हत्या. म्हणजे वस्तू राहते की जाते यापेक्षा, ती ज्यासाठी केली ते पार पडले की नाही, यावर करणाऱ्याचे सुखदुःख ठरते, असे म्हणावे लागते.

आता पेडण्याकडे वळू. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते संत सोहिरोबानाथ आंबिये हे अठराव्या शतकातले कवी. बांदे आज महाराष्ट्रात आणि पेडणे गोव्यात असले, तरी १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत हा सगळा सावंतवाडीकरांचा एकच मुलूख होता, तेव्हा सोहिरोबा कुणाचे हा वाद निरर्थक आहे. कुलकर्णीपण टाकून ते नाथपंथी झाले आणि फिरत फिरत उत्तरेत ग्वाल्हेरीकडे पोचले. तिथे महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा बक्षी होते, तेही पेडण्यातल्या केरीचे. महादजी स्वतः भक्तिपर कविता करीत. त्यांनी आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली आणि अभिप्राय विचारला, अशी आख्यायिका आहे. पुढचा भाग सांगणारे निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात, पण गाभा एकच. सोहिरोबांनी स्तुती केली नाही, महादजींना ते लागले, आणि सोहिरोबांनी आपल्याला कुणाची गरज नाही अशा अर्थाचे हिंदुस्थानी पद रचून तिथून पाय काढला.

ही गोष्ट आपण नेहमी सोहिरोबांच्या बाजूने सांगतो. मला महादजींचा विचार करावासा वाटतो. उत्तर हिंदुस्थानचे राजकारण ज्याच्या शब्दावर हलत होते, ज्याला कुणाच्या शिफारशीची जरूर नव्हती, तो माणूस एका फकिरापुढे आपल्या कवितांची पोथी ठेवतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. तलवारीच्या बाबतीत त्याने असे कुणाला विचारले नसते. निर्मितीच्या बाबतीत माणूस किती उघडा पडतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. इथे बसलेल्या ज्यांनी ज्यांनी आपले पहिले हस्तलिखित थरथरत्या हाताने कुणा ज्येष्ठांना दिले असेल, त्यांनी महादजींना हसू नये.

आणि सोहिरोबा? ‘मी’ सांडलेल्या या नाथपंथी कवीने आपल्या पदांत ‘सोहिरा’ ही नाममुद्रा ठेवलीच ना? वारकरी संतांनीही ठेवली. विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, की अहंकार गेला होता तर नाव कशाला घातले? मी त्यांना सांगतो, की नाममुद्रा म्हणजे जमिनीवर रोवलेला दगड नाही. दस्तऐवजाखाली सही असते तशी ती आहे. जे म्हटले ते मी म्हटले, चुकले असेल तर मला धरा. मालकी आणि जबाबदारी या दोन्हींसाठी आपण ‘माझे’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे हा घोळ होतो.

जबाबदारीचा हा अर्थ सर्वांत उघडपणे दिसतो तो दशावतारात. कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत पेडणे-डिचोलीतल्या देवळांपुढे रात्र रात्र काला रंगतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासुराची मालवणी टोलेबाजी, आणि मग आख्यान. हार्मोनियम, पखवाज, झांज. दशावताराला लिखित संहिता नसते, हे आपण अभ्यासक नवलाने लिहितो. नटांना त्यात नवल नाही. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरते, कुणी काय घ्यायचे ते ठरते, आणि मग राजपार्टी आणि खलपार्टी एकमेकांपुढे उभे राहिले की शब्द तिथल्या तिथे जन्मतात. एखादा संवाद असा साधतो की पहाटेच्या पेंगणाऱ्या प्रेक्षकांत वीज जाते. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात तो तसाच येईल याची हमी नाही. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण नटांच्या गरिबीवर आहे, पण तिला आणखी एक अर्थ आहे : रात्रीचे राज्य सकाळी बरोबर नेता येत नाही.

ज्या नटांशी माझे बोलणे झाले, त्यांना आपला संवाद नाहीसा होतो याची खंत नव्हती. गणपतीसारखेच हे. त्यांना लागते ते वेगळेच. समोरच्याने टाकलेल्या शब्दाला आपल्याकडून उत्तर गेले नाही, एक क्षण रिकामा गेला, पेटीवाल्याने सूर देऊन सांभाळून घेतले, ही गोष्ट त्यांना वीस वर्षांनीही गावाच्या नावासकट आठवते. टाळ्या पडलेले संवाद मात्र त्यांना फारसे आठवत नाहीत. मला हे फार मोलाचे वाटते. आपण लेखक नेमके उलटे करतो. आपल्याला स्तुतीची कात्रणे सापडतात, फसलेली पाने सापडत नाहीत.

अलीकडे मात्र या व्यवहारात एक नवी गोष्ट शिरली आहे. प्रेक्षकांत दहा-वीस मोबाइल उभे असतात आणि दुसऱ्या दिवशी तो प्रवेश सगळ्यांच्या हातात असतो. त्यामुळे दशावतारी नट पुण्या-मुंबईलाच काय, दुबईतही पोचला, हे खरे. पण आता पुढच्या गावातले प्रेक्षक ‘तो संवाद घ्या’ म्हणून आग्रह धरतात. जो शब्द एका रात्रीपुरता जन्मला होता, तो नटाला पाठ करून म्हणावा लागतो. शिवाय आयुष्यभर जे त्याने फक्त आतून अनुभवले, ते तो आता बाहेरून बघतो. काहींना ते आवडते. काहींनी मला सांगितले, की बघितल्यापासून हात कसा उचलतो हेच डोक्यात येते आणि शब्द मागे राहतो. छापील कवितेने कवीचे जे केले तेच मोबाइल नटाचे करीत आहे. हे वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्याचे चित्रण झाले त्याला विचारले का, आणि त्यातून काही मिळकत झाली तर त्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न ‘लोककला सगळ्यांची असते’ या वाक्याखाली झाकू नये.

कारण याच भूमीत एका कलावतीने तो प्रश्न झाकू दिला नव्हता. गोव्यात केरी तीन. पेडण्यातली आत्ता येऊन गेली, एक सत्तरीत आहे. फोंड्यातल्या केरीत १८९२ मध्ये केसरबाई केरकर जन्मल्या. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे १९२१ पासून त्यांनी घेतलेली कठोर तालीम आणि जयपूर घराण्याच्या गायकीतले त्यांचे स्थान आपण जाणता. मला बोलायचे आहे ते त्यांच्या मानीपणाविषयी. केसरबाईंच्या तबकड्या मोजक्या आहेत. रेडिओ आणि ध्वनिमुद्रण यांच्याशी त्यांचे कधी जमले नाही. कुठे, कुणापुढे, किती गायचे हे त्या स्वतः ठरवीत, आणि १९६० नंतरच्या दशकात, लोक अजून ऐकायला तयार असताना, त्यांनी जाहीर मैफल थांबवली. याला अहंकार म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

मी तसे म्हणणार नाही. ज्या समाजातल्या स्त्रियांचे गाणे-नाचणे पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या आणि यजमानाच्या सेवेत गृहीत धरले गेले, कला त्यांची आणि हुकूम दुसऱ्याचा अशी स्थिती होती, त्या समाजातल्या बाईने ‘हे गाणे माझे आहे, ते कधी थांबवायचे हे मी ठरवीन’ असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. ‘मी’पणा सोडावा हा उपदेश ज्याच्याजवळ ‘मी’ म्हणण्याचा हक्क आहे त्याला शोभतो. ज्याला तो हक्क कधी मिळालाच नाही, त्याने आधी तो मिळवावा, मग सोडायचा की नाही ते बघावे.

पुढे काय झाले ते पाहा. ध्वनिमुद्रणावर फारसा भरवसा नसलेल्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. जगभरातून निवडलेल्या २७ संगीतरचनांत भारतातली ती एकच. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. भवभूतीला अनंत काळ आणि विपुल पृथ्वी पुरेशी वाटली होती. बाईंचे गाणे पृथ्वीही सोडून गेले. त्यांना स्वतःला ते मुद्रण समाधानाचे वाटले असते का, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. मनासारखी रंगलेली मैफल त्यांच्यापाशी राहिली आणि तीन मिनिटांत मावले तेवढे ताऱ्यांकडे गेले.

आता शेवटचा मुद्दा आपल्या घरातला, म्हणजे महाविद्यालयातला. धालो, फुगडी, ओव्या यांचे संकलन हा आपल्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प असतो. पौषातल्या चांदण्यात मांडावर बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, त्यांच्या तोंडची गीते मुले टिपून आणतात. प्रकल्पाच्या नमुन्यात ‘कर्ता’ असा रकाना असतो आणि त्यात सगळे एकच शब्द लिहितात : अज्ञात. मुखपृष्ठावर मात्र संकलकाचे नाव ठळक असते. छापील संग्रहांतही बहुतेक ठिकाणी हेच दिसते.

काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी आपल्या वाड्यावरच्या एका आजीकडून धालोचे गीत लिहून घेत होती. माहेरच्या वाटेचे गीत होते. मधल्या एका कडव्यात अचानक खनिजाचे ट्रक आणि तुळशीच्या पानावर बसलेली तांबडी धूळ आली. मुलीला वाटले, आजी विसरली आणि काहीतरी मिसळले. तिने विचारले, हे गीत कुणाचे? आजी म्हणाली, सासूचे, तिला तिच्या सासूने दिले. आणि ही धुळीची ओळ? त्यावर आजी थोडी लाजली आणि म्हणाली, ती माझी. खाणी जोरात होत्या तेव्हा घातली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर बरोबरच्या बायका ती काढ म्हणाल्या, पण तिने काढली नाही. ती काढली तर पुढची ओळ पडते, असे तिचे म्हणणे होते.

मुलगी प्रकल्पाचा कागद घेऊन माझ्याकडे आली आणि विचारू लागली, की ‘कर्ता’च्या रकान्यात आता काय लिहू? मी म्हटले, आजीने सांगितले तसेच सगळे लिही. सासूची सासू, सासू, आजीचे नाव, वाडा, आणि ती एक ओळ कुणाची ते वेगळे. रकाना अर्ध्या इंचाचा होता. तिने मागे एक कोरा कागद जोडला.